झोपाळ्याला तेल लावलं, आता पाठ चिकटते

वाचकाचं पत्र

नमस्कार. आम्ही देवरूखजवळ राहतो. ओटीवर आजेसासऱ्यांनी करून घेतलेला सागवानी झोपाळा आहे, पाच फूट बाय दोन फूट, पितळी कड्यांचा. सासूबाई दर वर्षी आगोटीच्या आधी त्याला खोबरेल पुसायच्या आणि तो छान दिसायचा. त्या गेल्यावर चार-पाच वर्षं कुणी लक्ष दिलं नाही, लाकूड पांढुरकं पडलं. मुलाला दमा आहे, म्हणून केमिकलचं पॉलिश नको असं ठरवलं. एका व्हिडिओत पाहून एप्रिलमध्ये शेंगदाणा तेलात लिंबू पिळून दोन्ही बाजूंनी भरपूर लावलं, आठवडाभरात चार हात दिले. दिसलाही सुंदर. पण तेल वाळेचना. पावसाळा लागल्यापासून झोपाळा चिकट झालाय, खवट वास येतो, मुंग्या येतात, खालच्या अंगाला बुरशी धरलीय. पाहुण्यांच्या सदऱ्यांना डाग पडले ते वेगळेच. उरलेलं तेल माजघरातल्या शिसवी कपाटाच्या एका दाराला लावलं होतं, तेही ओशट आहे. शेजारी म्हणतात काजूच्या टरफलाचं तेल लावा, दीर म्हणतात कडुलिंबाचं. पॉलिशवाला म्हणतो, सगळं खरवडून पीयू (पॉलियुरेथेन, प्लास्टिकसारखा कडक लेप) मारतो. नवीन जेवणाचं टेबल घेतलंय, त्यालाही काय लावावं कळत नाही. नैसर्गिक तेलानं हे काम होतच नाही का?

उत्तर

ताई, झोपाळा बिघडलेला नाही, त्याच्यावर बसलेलं तेल बिघडलंय. जुन्या सागवानाला शेंगदाणा तेलानं कायमचं काही होत नाही. तेव्हा पॉलिशवाल्याला तूर्त घरी पाठवा, आणि रंधा तर कुणालाही मारू देऊ नका. तीन पिढ्यांनी बसून-बसून जी गुळगुळीत पाठ आली आहे ती एकदा तासली गेली की परत येत नाही.

चूक तेलाच्या नैसर्गिकपणात नाही, ती तेलाच्या जातीत आहे. तेलांच्या दोन जाती असतात, वाळणारी आणि न वाळणारी. स्वयंपाकघरात हा भेद कधी लागत नाही, म्हणून आपल्याला तो ठाऊक नसतो. आणि ‘वाळणं’ हा शब्दही फसवा आहे. ओला टॉवेल वाळतो म्हणजे त्यातलं पाणी उडून जातं. तेल उडून जात नाही. जवसाचं तेल वाळतं तेव्हा ते हवेतला ऑक्सिजन ओढून घेतं, त्याचे रेणू एकमेकांना साखळीसारखे अडकतात आणि पातळ तेलाचा घट्ट पापुद्रा बनतो. वाळलेल्या जवसाच्या तेलाचं वजन घटत नाही, उलट वाढतं, ते या ओढलेल्या ऑक्सिजनमुळे. ऑइलपेंटचा डबा उघडा राहिला की वर साय धरते, ती हीच.

कुठलं तेल वाळेल हे सांगायला रसायनवाल्यांकडे एक माप आहे, आयोडीन अंक. जितका अंक मोठा तितकं तेल वाळायला उत्सुक. साधारण 130 च्या वर गेलं की ते वाळणाऱ्यांत मोडतं. जवसाचा अंक 170 च्या पुढेच असतो. अक्रोडाचं तेल आणि आपली करडई 140 च्या आसपास. तीळ 110 च्या आसपास, म्हणजे धड इकडे ना तिकडे. शेंगदाण्याचा 85 ते 105. एरंडेल 80 ते 90. आणि खोबरेल? जेमतेम 6 ते 10. म्हणजे तुमचा झोपाळा पुढचा एप्रिल आला असता तरी वाळला नसता. शेंगदाणा तेल लाकडावर नुसतं पडून राहतं, धूळ धरतं आणि हळूहळू खवट होतं. लिंबाचा त्यात गुण एवढाच, की पहिले चार दिवस वास बरा येतो.

आता तुम्ही म्हणाल, मग सासूबाईंचं खोबरेल कसं चाललं? अंक सगळ्यात कमी, तरी झोपाळा छान. मला वाटतं त्याला दोन कारणं असावीत. एक म्हणजे त्या ‘लावत’ नव्हत्या, ‘पुसत’ होत्या. तुम्हीच पत्रात तो शब्द लिहिला आहे. फडक्याला चार थेंब, सगळ्या झोपाळ्यावरून एक हात, संपलं. दुसरं म्हणजे खोबरेल वाळत नाही तसंच लवकर खवटही होत नाही. दोन्हींचं कारण एकच, ते हवेतला ऑक्सिजन फारसा ओढत नाही. शिवाय रोज माणसं बसत होती, रोज लाकूड घासलं जात होतं. थोडक्यात, ते संरक्षण नव्हतं, ती रोजच्या वापरातली टापटीप होती. चार हात भरपूर शेंगदाणा तेल ही गोष्टच निराळी.

जाता जाता एक. आपण ‘रंगरोगण’ म्हणतो, त्यातलं ‘रोगण’ म्हणजे मूळ फारसीत तेल, स्निग्ध पदार्थ. जुने कारागीर जवसाच्या तेलात चंद्रस नावाची राळ विरघळवून जे करायचे ते रोगण. कच्छमधल्या निरोणा गावात कापडावर जी रोगणकला करतात तिच्यासाठी एरंडेल दोन-दोन दिवस कढवतात, तेव्हा ते गुळाच्या पाकासारखं तार धरतं. एरंडेल मुळात वाळणारं नव्हे, पण आच लागली की त्याचा स्वभाव बदलतो. तेव्हा तेलानं काम होतच नाही असं मुळीच नाही. शेकडो वर्षं झालंय. फक्त कुठलं तेल आणि किती, हे पाहून झालंय.

आत्ता, पावसात, काय करायचं

नवीन काहीही लावू नका. फक्त उतरवा.

एखादी चांगली उघडीप मिळाली की झोपाळा कड्यांवरून खाली घ्या आणि अंगणात किंवा पडवीत दोन स्टुलांवर आडवा ठेवा. आधी बुरशी. ती कोरडी झटकू नका, कोरड्या बुरशीची धूळ दमेकऱ्याला सगळ्यात वाईट. ओलसर फडक्यानं पुसून घ्या आणि मुलाला तेवढा वेळ घरात राहू दे.

मग तेल शोषून काढायचं. चॉक पावडर किंवा मुलतानी माती कोरडीच, चांगली बोटभर जाड पसरा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी ती पिवळट, गोळे झालेली दिसेल. झाडून टाका, पुन्हा एकदा करा. हे काम कंटाळवाणं आहे, पण जितकं तेल मातीनं निघेल तितका टर्पेंटाइन कमी लागेल.

उरलेल्यासाठी टर्पेंटाइनच. मला ठाऊक आहे, तुम्हाला केमिकल नको. पण शेंगदाणा तेल पाण्यानं निघत नाही, आणि सोड्याच्या पाण्यानं लाकूड काळवंडतं. सुती फडकं टर्पेंटाइनमध्ये भिजवून पिळून घ्या, लाकडाच्या रेघेच्या दिशेनं पुसा आणि फडकं सतत बदलत राहा. एकाच फडक्यानं पुसत राहिलात तर तेल इथून तिथं फिरेल, निघणार नाही. उघड्यावर करा, मुलगा शाळेत असताना करा. वास संध्याकाळपर्यंत जातो. शेवटी भांड्याच्या साबणाचा नुसता फेस घेऊन एक हात, लगेच ओल्या फडक्यानं, लगेच कोरड्यानं. लाकूड भिजवायचं नाही.

कड्यांच्या भोकांभोवती हिरवा डाग दिसला तर घाबरू नका, ती बुरशी नव्हे. खवट तेल आणि लिंबाचा आंबटपणा पितळेला लागला की पितळ कळकतं, जसं कल्हई नसलेल्या पातेल्यात ताक कळकतं. तेच लाकडात उतरलेलं असतं. टर्पेंटाइननं बरंचसं निघेल.

एवढं झालं की झोपाळा परत टांगा आणि कोरडाच वापरा. पांढुरका दिसेल, दिसू दे. दसऱ्यापर्यंत त्याला वारा खाऊ द्या.

दिवाळीनंतर

जवसाच्या तेलाला कोरडी हवा लागते. कोकणात म्हणजे दिवाळी ते होळी. या काळाबाहेर करू नका असं मी एवढ्या जोरात सांगतोय, कारण मी ते करून बसलोय. पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये आमच्या वडिलांची वखार होती. कॉलेजात असताना मी त्यांच्या हिशेबाच्या टेबलाला ऐन जुलैत जवसाचं तेल लावलं. आणि जाड लावलं, कारण चांगल्या गोष्टीचा हात कशाला आखडायचा! वर साय धरली, सायीला सुरकुत्या पडल्या आणि खाली तेल तसंच ओलं. महिन्यानं वडिलांचा खतावणीचा चोपडा टेबलाला चिकटला. त्यांनी मला काही म्हटलं नाही, नुसतं पटाशीचं पातं हातात दिलं. ते टेबल खरवडायला मला चार रविवार लागले.

तेल कुठलं घ्यायचं? जवस म्हणा, अळशी म्हणा, एकच. विदर्भात चटणीला जे जवस असतं तेच. बाजारात दोन प्रकारांत मिळतं. एक घाण्याचं, खायचं, कच्चं. हे वाळायला थंडीतसुद्धा हाताला तीन दिवस ते आठवडा घेतं. दुसरं रंगाच्या दुकानातलं, डब्यावर ‘डबल बॉइल्ड लिनसीड’ लिहिलेलं. खिडक्यांच्या काचा बसवायची लांबी, म्हणजे पुट्टी, मळायला वापरतात ते. त्यात लवकर वाळावं म्हणून धातूंचे क्षार घातलेले असतात, कोबाल्ट, मँगनीज वगैरे, आणि ते एका दिवसात वाळतं. नुसतं उकळल्यानं ते ‘बॉइल्ड’ होत नाही, म्हणून घरी कढईत उकळायच्या भानगडीत पडू नका. तेल पेटेल, पदरात काही पडणार नाही. जुन्या काळी वाळावं म्हणून तेल कढवताना त्यात मुर्दाडशिंग टाकत. ते म्हणजे शिसं. कुणी आजोबांच्या वहीतली कृती म्हणून दिली तर हात जोडा.

तुमच्या घरी दमा आहे आणि तुम्हाला घाई नाही, म्हणून मी घाण्याचं कच्चं सुचवेन. एक मात्र लक्षात घ्या. जवसाचं तेल वाळताना त्याला स्वतःचा एक वास येतो, रंगाच्या दुकानासारखा, आणि तो दोन-तीन आठवडे राहतो. तो वास म्हणजे वाळताना सुटणारे वायूच. झाडापासून आलेलं म्हणजे दम्याला निरुपद्रवी, असं गणित नसतं. झोपाळा ओटीवर आहे, हवा खेळती आहे, म्हणून मी हो म्हणतोय. बंद खोलीतल्या पलंगाला विचारलं असतंत तर मुलाला महिनाभर दुसऱ्या खोलीत झोपवा म्हणालो असतो.

पाच बाय दोनची फळी, दोन्ही बाजू धरून वीस चौरस फूट. याला सगळे हात मिळून पाव लिटर तेल पुरून उरतं. लिटरभर आणलंत तर सगळं लावायचा मोह होईल.

आधी काच कागद. 120 नंबरनं हलकेच, मग 180, फार तर 220. रेघेच्या दिशेनं, आडवा कधीच नाही. खरवडायचं नाही, फक्त मेलेला पांढुरका थर उतरवायचा. धूळ पुसा. सागवानाच्या अंगातच तेल असतं आणि त्यातले काही घटक वरच्या तेलाला वाळू देत नाहीत, म्हणून लावायच्या अगदी आधी टर्पेंटाइनचं एक फडकं फिरवून घ्या.

पहिला हात अर्धं तेल, अर्धं टर्पेंटाइन. पातळ असलं की आत शिरतं. ब्रशपेक्षा सुती फडक्याचा बोळा बरा. फळीची जी दोन कापलेली टोकं असतात तिथून लाकूड पाणी प्यायल्यासारखं तेल पितं, तिथं परत परत द्या. अर्धा तास थांबा. आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, जे व्हिडिओवाले कधी दाखवत नाहीत: पुसून टाका. वर चमकतंय तेवढं सगळं पुसून टाका. कोरडं फडकं, मग दुसरं कोरडं फडकं. इतकं पुसा की वाटावं, मग लावलं तरी कशाला? लाकडाच्या आत गेलेलं तेल कामाचं. वर राहिलेलं तेल म्हणजे माझं हिशेबाचं टेबल.

आठवडाभर थांबा. दुसरा हात दोन भाग तेल, एक भाग टर्पेंटाइन. पुन्हा अर्धा तास, पुन्हा पुसणं. पुन्हा आठवडा. तिसरा हात नुसतं तेल, फडक्याला जेमतेम, जवळजवळ सासूबाईंच्या मापानं. बहुतेक सागवानाला एवढं पुरतं. मधे एक-दोन दिवसांनी हात फिरवून बघा. कुठे तेल परत घामासारखं वर आलं असेल तर ते पुसा. शेवटच्या हातानंतर महिनाभर कुणी बसायचं नाही. मुलं ऐकणार नाहीत, म्हणून झोपाळा कड्यांना न लावता माळ्यावर टाका, पण हवा लागेल असा. पांढरा रुमाल तळहाताखाली दाबून धरा. स्वच्छ निघाला की टांगा.

चिंध्यांविषयी, आणि हे वाचून सोडू नका

जवसाच्या तेलाच्या चिंध्या आपोआप पेट घेतात. ही भीती घालायची गोष्ट नाही. तेल ऑक्सिजन ओढतं तेव्हा उष्णता निघते. फळीवर ती हवेत निघून जाते. बोळा करून टाकलेल्या फडक्यात ती अडकते, त्या गरमीनं तेल आणखी भराभर ऑक्सिजन ओढतं, आणखी तापतं, आणि काही तासांनी धूर. अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरात 23 फेब्रुवारी 1991 ला वन मेरिडियन प्लाझा नावाची 38 मजली इमारत पेटली, ती 22 व्या मजल्यावर टाकून ठेवलेल्या अशाच जवसाच्या तेलाच्या फडक्यांमुळे. लाकडी पॅनेलिंग पुसायचं काम चालू होतं. अग्निशमन दलाचे तीन जवान त्यात गेले. मी स्वतः एकदा संध्याकाळी कचऱ्याच्या डब्यातून बोळा उचलला तर तो ताज्या भाकरीसारखा गरम लागला होता.

तेव्हा प्रत्येक फडकं वापरून झालं की अंगणातल्या दोरीवर सुटं, एकपदरी वाळत घाला. कडक झालं की मग फेका. किंवा सरळ पाण्याच्या बादलीत बुडवा. गोळा करून कोपऱ्यात, पोत्यात, लाकडाच्या भुशात टाकायचं नाही. घरी कामाला बाई येत असतील तर त्यांनाही हे सांगा, कारण आवरताना फडकी गोळा करणं ही चांगल्या माणसाची पहिली सवय असते. शेंगदाणा तेलाच्या तुमच्या फडक्यांना हा धोका जवसापेक्षा कमी, तरी आता तीही बाहेरच टाका.

तेल काय करत नाही

तेलानं लाकडाचा रंग खुलतो, रेघ उठून दिसते, सांडलेलं पाणी लगेच पुसलं तर डाग पडत नाही. पुढे कुठं ओरखडा आला तर तेवढ्याच जागी काच कागद फिरवून तेवढंच तेल देता येतं. पीयूला ते जमत नाही, तिथं सगळा पृष्ठभाग उतरवावा लागतो. झोपाळ्यासारख्या रोज घासल्या जाणाऱ्या वस्तूला तेल मला आवडतं ते याचसाठी.

पण कोकणातला दमटपणा ते अडवत नाही. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात मॅडिसनला लाकडावर संशोधन करणारी सरकारी प्रयोगशाळा आहे. तिथं वेगवेगळे लेप लावून लाकूड दमट हवेत ठेवलं आणि किती ओल आत शिरते ते मोजलं. तीन हात जवसाचं तेल दिलेलं लाकूड दोन आठवड्यांत न लावलेल्या लाकडाच्या बरोबरीला आलं. लाखेचं पॉलिश त्याहून कितीतरी चांगलं ठरलं. म्हणजे पावसाळ्यात तुमचा झोपाळा फुगणार आणि वैशाखात आक्रसणार, तेल लावा की न लावा. त्याला सवय आहे.

बुरशीचंही तसंच. कच्चं जवस बुरशीला आवडतं. ते तिचं अन्न आहे. पूर्ण वाळलेल्या पातळ थरावर ती कमी धरते, जाड थरावर हमखास. श्रावणात खालच्या बाजूनं दर आठवड्याला कोरडं फडकं फिरवणं हाच उपाय.

वाळवीला तेल अडवत नाही. आणि लाकडातून बारीक पीठ पडत असेल, टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसत असतील तर ती किडीची गोष्ट. तिथं आधी बोरॅक्स-बोरिकचं पाणी भोकांत सोडा, नीट वाळू द्या, मगच तेल. उलट केलंत तर तेलानं वाट बंद होते आणि औषध आत जात नाही.

शेजाऱ्यांची आणि दिरांची तेलं

काजूच्या टरफलाचं तेल नावाला तेल आहे. त्यात अंग भाजून काढणारी आम्लं असतात. काजू आणि बिब्बा एकाच कुळातले, आणि बिब्बा उतणं म्हणजे काय हे तुम्हाला मी सांगायला नको. ते तेल काळं असतं, घट्ट बसतं, लाकूड टिकवतं, किडीला दूर ठेवतं. जमिनीत पुरायच्या खांबाच्या बुडाला ते लावा, हातमोजे घालून. ज्याच्यावर माणसं उघड्या पायांनी बसतात त्या फळीला नको. ऊन-वाऱ्यानं त्याचा दाह कमी होतो म्हणतात, पण पाहुण्यांच्या पोटऱ्यांवर हा प्रयोग कशाला?

दिरांचं कडुलिंबाचं तेल आणि तुमच्याकडं मिळणारं करंजाचं तेल, दोन्ही न वाळणाऱ्या जातीतली. कीड त्यांना टाळते हे खरं, पण वास आणि ओशटपणा दोन्ही मुक्कामाला राहतात. गोठ्याच्या वाशांना खुशाल लावा.

आणि ‘टीक ऑइल’ नावाची जी बाटली ऑनलाइन दिसते, तिच्यात सागवानाचं तेल नसतं. जवस किंवा तत्सम तेल, थोडं व्हार्निश, थोडं टर्पेंटाइन. वाईट नसतं, फक्त नाव मोठं. चिनी टुंग झाडाच्या बियांचं तेल मात्र खरोखर चांगलं, जवसापेक्षा पाण्याला जास्त टिकतं आणि कमी पिवळं पडतं. पण महाग, आणि ‘टुंग फिनिश’ म्हणून विकतात त्यात कित्येकदा टुंग असतंच असं नाही. तुमच्या सागवानाला त्याची गरज नाही. पांढऱ्या लाकडाला असते, कारण जवस अंधाऱ्या जागी पिवळं पडत जातं.

शिसवी कपाट

इथं माझं मत ठाम आहे: तेल नको, जवसाचंसुद्धा नको. शिसवीत असे पदार्थ असतात की ते वाळणाऱ्या तेलाला वाळूच देत नाहीत. जवस लावाल आणि सहा महिन्यांनी पुन्हा मला चिकटपणाचं पत्र लिहाल.

जुन्या शिसवीवर बहुतेक वेळा लाखेचं पॉलिश असतं, चपडी स्पिरिटमध्ये विरघळवून केलेलं. बघायचं असेल तर दाराच्या आतल्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यात कापसाला स्पिरिट लावून टेकवा. पृष्ठभाग चिकट झाला, कापसाला तपकिरी रंग आला, की लाख. मग तुमचं शेंगदाणा तेल लाकडात शिरलंच नसेल, वरच बसलं असेल, आणि हे उत्तम. टर्पेंटाइन लाखेला विरघळवत नाही, म्हणून फडक्याला किंचित टर्पेंटाइन घेऊन पुसलं की ते निघून येईल. स्पिरिटनं मात्र पुसू नका, पॉलिशच निघेल. त्यानंतर दार फिकट वाटलं तर जुन्या पद्धतीचं लाखपॉलिश करणारा माणूस शोधा. संगमेश्वर-रत्नागिरीकडं एखादा म्हातारा कारागीर अजून सापडेल. स्पिरिटचा वास काही तासांत उडतो, दमेकऱ्याच्या घरात तेलापेक्षा सोयीचं. लाख झाडाची नव्हे, झाडावरच्या किड्याची, हे मात्र तुमच्या घरी कुणाला चालत नसेल तर आधी विचारा.

टेबल

नवीन टेबल कशाचं ते तुम्ही लिहिलं नाहीत. कड खालून बघा. थर दिसले तर ते प्लाय, वर विनियर किंवा सनमायका. त्याला तेल लावण्यात अर्थ नाही. सनमायका पीत नाही आणि विनियर कागदाएवढी पातळ असते. त्याला कारखान्यातून जे फिनिश आलंय ते राहू द्या. भरीव लाकूड असेल आणि त्यावर गरम पातेली, वरणाचे डाग, मुलांचे अभ्यास हे सगळं व्हायचं असेल, तर पॉलिशवाल्याला तिथं पीयू मारू द्या. त्याचं दुकानच त्यावर आहे, पण या एका ठिकाणी त्याचं म्हणणं बरोबर आहे. फक्त त्याच्या कारखान्यात मारून, तीन आठवडे तिथंच सुकवून मग घरी आणा.

पोळपाट-लाटणं, काठवट, लाकडी डाव यांना मात्र घाण्याचं खायचं जवस किंवा नुसतं खोबरेल, दोन्ही चालेल. रोज धुतली जाणारी वस्तू खवट व्हायला वेळच मिळत नाही. रंगाच्या दुकानातलं तेल तिथं नको.

दिवाळीनंतर कामाला लागाल तेव्हा आधी झोपाळ्याच्या खालच्या बाजूच्या एका कोपऱ्यात वीतभर जागेवर सगळे हात देऊन बघा. शेंगदाणा तेल आत खोल मुरलं असेल तर तेवढा कोपरा दहा दिवसांनीही चिकट राहील. तसं झालं तर पुढं जाऊ नका. आणखी एक उन्हाळा मुलतानी माती आणि टर्पेंटाइनला द्या, आणि मला त्या कोपऱ्याचा फोटो पाठवा.